छातीकडची बाजू

"हे घ्या तुमचं हरवलेलं लेकरू," म्हणत फौजदार इंगवल्यांनी रुमालाची पुरचुंडी माझ्यासमोर टेबलावर ठेवली. "ओळखा आणि सही करा. चार वाजता चोराला मॅजिस्ट्रेटपुढे उभा करायचाय. चहा घेणार की सरबत?"

मी काहीच नको म्हटलं. माझी नजर त्या पुरचुंडीवरून हलत नव्हती.

तेव्हा मी जिल्ह्याच्या वस्तुसंग्रहालयात नाण्यांची व्यवस्था पाहत होते. मालिनी टिपणीस, वय छत्तीस, लग्न केलेलं नाही, तोंडाने फटकळ, अशी माझी कीर्ती. कीर्तीचं मला काही वाटत नसे. पण तीन महिन्यांपूर्वी काचेच्या पेटीतलं एक रोमन नाणं नाहीसं झालं आणि सगळं फिरलं. कुलूप फोडलेलं नव्हतं, काच फुटलेली नव्हती, आणि किल्ली फक्त माझ्याकडे असे. तोंडावर चोर कुणीच म्हटलं नाही. पण मी नाण्यांच्या दालनात गेले की शिपाई काहीतरी निमित्त काढून मागोमाग यायचा आणि पुसलेलीच काच पुन्हा पुसत बसायचा. मी तिथून बाहेर पडेपर्यंत त्याचं फडकं थांबत नसे. चौकशी सुरू होती. आणखी दोन आठवड्यांत नाणं मिळालं नाही तर माझी नोकरी जाणार असं मी धरून चालले होते, आणि नुसती नोकरी गेली असती तरी मी देवाचे आभार मानले असते, एवढं मला तेव्हा भय वाटत होतं.

त्यामुळे पुरचुंडी उघडली तेव्हा आत ते असावं, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर माझा जीव त्यासाठीच टांगणीला लागला होता.

आत काळ्या लोकरीच्या दोऱ्यात ओवलेली एक चकती होती. जुन्या रुपयाहून जराशी लहान. तिच्या एका बाजूवर बोटं फिरून फिरून गुळगुळीत झालेला घोडा होता, दौडत निघालेला. वर स्वार, हातातला भाला खाली रोखलेला, आणि घोड्याच्या पुढच्या पायांखाली गुडघे टेकलेला माणूस. दुसरी बाजू मात्र दिसतच नव्हती. हळद आणि तेल थरावर थर बसून वाळलं होतं आणि त्याचं पिवळट तपकिरी कवच झालं होतं, कडेपर्यंत.

"सटवाजी खोमणे म्हणून वाघ्या आहे," इंगवले म्हणाले. "गळ्यात घालून हिंडत होता. म्हणतो खंडोबाचा देव आहे. परवा यात्रेत कॉलेजच्या एका मास्तराने बघितला, म्हणाला हे तर पेपरात छापलेलं संग्रहालयाचं नाणं. तुमचंही घोड्यावरचंच ना?"

"घोड्यावरचंच."

"भाला?"

"भाला आहे."

"मग झालं की."

झालं असतं. घोडा तोच होता. रोमच्या ट्राजन नावाच्या सम्राटाने शत्रूला घोड्याखाली तुडवतानाचं ते चित्र. ते आपल्या मल्हारीसारखं दिसतं हा योगायोग. दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रावरून एखादा व्यापारी ते घेऊन आला असेल, आणि मातीतून ते पुन्हा वर आलं तेव्हा ज्याला सापडलं त्याला त्यात आपला देव दिसला असेल. त्यात नवल काही नाही.

"आमच्या नाण्याला भोक नव्हतं," मी म्हटलं.

"भोक काय मॅडम, सुतारसुद्धा पाडून देतो."

तेही बरोबर होतं, आणि हळदतेलाचे थर तीन महिन्यांत थापून वाळवताही आले असते. मी भिंग काढलं आणि उगाच घोड्याच्या शेपटाकडे बघत राहिले. मला जे माहीत होतं ते बोलायला जीभ वळेना. हे एकच चित्र दोन नाण्यांवर असायचं. आकार जवळजवळ एक, सम्राट एक, घोडा एक. पण एक नाणं पितळेचं, त्याची किंमत दुप्पट. दुसरं शुद्ध तांब्याचं, निम्म्या किमतीचं. बाजारात माणसांची गल्लत होऊ नये म्हणून पितळी नाण्यावर राजाच्या डोक्याला सूर्यासारख्या किरणांचा मुकुट घालत, आणि तांब्याच्या नाण्यावर पानांची माळ. आमचं हरवलेलं नाणं तांब्याचं होतं. समोरचं कशाचं आहे ते त्या कवचाखाली, राजाच्या डोक्यावर लिहिलेलं होतं. घोड्याच्या बाजूने काही कळणार नव्हतं, कारण वर्षानुवर्षांच्या हळदीने तांबंसुद्धा पिवळंच दिसलं असतं.

शेवटी सांगितलं. लपवून ठेवायचा माझा स्वभाव नाही, एवढंच त्याचं कारण.

इंगवल्यांनी ऐकून घेतलं. माणूस मूर्ख नव्हता. "मग खरवडा की. शिंदे, ब्लेड आण."

"बाई, हात लावू नगा."

आवाज कोठडीतून आला. कोठडी तिथून दहा पावलांवर, मधे नुसता व्हरांडा. गजांमागे साठीतला एक उंच माणूस उभा होता. अंगात मळकी बंडी, कपाळावर हळद. आरडाओरडा केला नव्हता त्याने, अगदी सरळ बोलला होता. बाहेर पायरीशी एक पंचविशीची बाई डबा घेऊन बसली होती, ती उठून उभी राहिली. त्याची मुलगी. बानू तिचं नाव, हे मला नंतर कळलं.

"मुद्देमाल आहे तो," इंगवले म्हणाले. "त्याला विचारायचं काय कारण?"

"मी विचारते," मी म्हटलं आणि नाणं रुमालात तसंच ठेवून उठले. का उठले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. बहुधा ब्लेड येईपर्यंत टेबलाशी बसवेना म्हणून.

गजांपाशी गेले. "सटवाजी, मी संग्रहालयातली. ते धुतलं तर पाच मिनिटांत कळेल की ते तुमचं की आमचं. तुमचं असेल तर आत्ता घरी जाल. मग धुवायला हरकत कसली?"

"आमच्यात देव धुवत न्हायती, बाई."

"कधीच नाही?"

"एकदाच. ज्याच्या गळ्यात त्यो, ते माणूस गेलं की. मयताला उचलायच्या आधी धुवायचा आन् फुडल्याच्या गळ्यात घालायचा. मंग त्यो फुडला जगंल तवर त्याच्यावर भंडारा चढतो, उतरत न्हाय. माझ्या बापावर चढला, आज्जावर चढला. आता माझा चढतोय." त्याने गज धरले. "धुतला म्हंजी म्या मेलो. मंग सटवाजी खोमण्याला जागरण न्हाय, गोंधळ न्हाय, कुनाच्या कपाळाला भंडारा लावायचा हक न्हाय. खातापिता जित्ता, पर देवाच्या लेखी मयत."

"आणि तुरुंगात गेलात तर?"

"तुरुंगातनं मानूस भाईर येतं."

मागे इंगवले घड्याळाकडे बघत होते. अडीच वाजून गेले होते. शिंदे हवालदार ब्लेड घेऊन आला आणि टेबलापाशी थांबला. त्याने ब्लेड कागदातून काढलं नव्हतं. त्याच्याही कपाळावर हळदीचा ठिपका होता, सकाळी कुणीतरी लावलेला.

मग मला सुचलं. सुचायला नको होतं असं त्या क्षणी वाटलं.

"तुमचे वडील गेले तेव्हा धुतला कुणी?"

"म्याच."

"मग तुम्ही ती झाकलेली बाजू पाहिलीय. छातीकडची."

"पाहिली की. एकडावच."

"काय आहे तिथं?"

मी आवाज होता तितका सपाट ठेवला. पान म्हणाला तर माझी सुटका होती. तीन महिने शिपायाच्या फडक्याखाली वावरण्यातून सुटका. मी गजावर बोटं घट्ट धरली होती. माझ्या मनात काय आहे ते त्याला कळायचं कारण नव्हतं. इंगवल्यांना मी जे सांगितलं ते हळू सांगितलं होतं, आणि तेव्हा बाहेर एसटी उभी राहून घरघरत होती.

सटवाजीने डोळे मिटले. "मानसाचं त्वांड हाय. ह्या बाजूला बघनारं. मान जाडजूड. आन् डोस्क्याला..." त्याने पंजा उघडून डोक्यामागे धरला, पाचही बोटं ताठ. "अशी टोकं. सूर्यनारायनाची असत्यात तशी. बाप म्हनायचा, म्होरं मल्हारी आन् मागं मार्तंड. एकच देव, दोन त्वांडं."

आनंद व्हायला हवा होता, एक निरपराध माणूस समोर उभा होता. मला रडायला आलं, आणि ते त्याच्यासाठी नव्हतं, हे मी आज लपवत नाही. चोराला आमच्या नाण्यावर पानं दिसली असती. किरणं दिसणारा माणूस आमचं नाणं कधी हातात धरलेला नव्हता. म्हणजे ते अजून हरवलेलंच होतं, आणि किल्ली अजून माझ्याचकडे.

मी परत टेबलाशी आले. "हे आमचं नाही."

"धुतलं कुठं?"

"धुवायची गरज नाही. मला कळलं."

इंगवल्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि माझ्याकडे पाहिलं, आधी पाहिलं होतं तसं नाही. "बसा मॅडम. जरा शांतपणे. तुम्ही काय करताय कळतंय ना? तुमच्यावर चौकशी चालू आहे हे मला माहीत आहे. तुमचं नाणं मिळालं म्हणून लिहिलंत तर तुम्ही मोकळ्या. नाही म्हणून लिहिलंत, तेही न धुता, न बघता, तर उद्या तुमचा तो चौकशी अधिकारी मला काय विचारेल? बाईंनी आरोपीशी गजाआड पाच मिनिटं गप्पा मारल्या आणि त्याला सोडवला. का सोडवला? नाणं यांनीच त्याला विकलं असेल. मी असतो तर मीही हेच विचारलं असतं."

"विचारा."

"कोर्ट विचारेल, तुम्ही ती बाजू डोळ्यांनी पाहिली का?"

"पाहिली म्हणून सांगेन."

"खोटं?"

आयुष्यात मी नाण्याबद्दल खोटं बोलले नव्हते. माणसांबद्दल बोलले असेन, पण नाण्याबद्दल कधीच नाही. माझ्या कामात दुसरं काय होतं? जे दिसलं तेच लिहायचं, जे दिसलं नाही ते लिहायचं नाही. तेवढ्याच भांडवलावर मी तिथे टिकून होते.

"कागद द्या," मी म्हटलं.

त्यांनी कागद सरकवला. मी तारीख घातली. 'सदर नाणे मी दोन्ही बाजूंनी तपासले' एवढं लिहिलं आणि घाम पुसला. इंगवले थोपवत नव्हते, पण पेनाच्या टोकाकडेच बघत होते. मला या माणसाचा राग येत होता, सटवाजीचा येत होता, त्याच्या बापाचा, आज्जाचा, आणि सगळ्यात जास्त त्या ट्राजनचा.

"साहेब, गोडंतेल मागवा वाईच. आन् दही."

सटवाजी गजांना टेकून उभा होता. एवढा वेळ तो ऐकत होता हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. एसटी केव्हाच गेली होती.

"सटवाजी, गरज नाही," मी ओरडलेच. "मी लिहितेय."

"तुमी न बघता लिवताय."

"तुम्ही सांगितलंत ते पुरे आहे मला. मला पटलंय."

"तुमाला पटलं. त्यास्नी न्हाय पटलं, आन् त्यांच्या वरच्या सायबाला बी न्हाय पटायचं." तो इंगवल्यांकडे बघत होता, माझ्याकडे नाही. "माझा देव झाकायला बाईमानसाच्या माथ्यावर चोरी लागली, तर त्यो देव घेऊन म्या कुनाच्या दारात उभा ऱ्हाऊ? लोकं मूठभर धान्य घालत्यात ते काय बघून? बानू, दही आन गं."

"आबा," पायरीवरून मुलगी म्हणाली. ती जागची हलली नाही.

"आन म्हनतो ना."

इंगवल्यांनी शिंदेकडे पाहिलं. शिंदेने कोठडी उघडली. कुणी बेड्यांचं नाव काढलं नाही. व्हरांड्यातल्या बाकावर सटवाजी मांडी घालून बसला आणि मी रुमालासकट नाणं त्याच्या ओंजळीत दिलं. मला वाटलं तो पुन्हा विचार करेल. मीच दोनदा म्हटलं, अजून राहू द्या. त्याने ऐकल्यासारखंसुद्धा केलं नाही.

तेल आणि दही आल्यावर त्याने आधी तेल चोळलं, अंगठ्याने, लहान बाळाची टाळू चोळतात तसं. कवच मऊ पडायला वेळ लागला. मग ते सुटायला लागलं, पिवळं, मग काळपट, मग पुन्हा पिवळं. खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर तो चिखल जमा होत होता आणि बानू तो बोटाने एका द्रोणात भरत होती, एक कणही वाया जाऊ देत नव्हती. तिचं नाक सारखं ओढलं जात होतं. तो मात्र रडला नाही. दही लावलं, थांबला. तांब्यातलं पाणी बानूने धार धरून ओतलं. त्याने बंडीच्या टोकाने नाणं टिपलं आणि न बघता माझ्याकडे दिलं.

"बघा. आता लिवा."

मी खिडकीच्या उजेडात नेलं. जाड मान, उजवीकडे तोंड, आणि डोक्यावर किरणं, शाबूत, टोकदार, कालच पाडल्यासारखी. तीस वर्षांच्या भंडाऱ्याने ती जपून ठेवली होती. कडेला जिथे दह्याने नीट काम केलं होतं तिथे धातू लखलखत होता. पितळ. तांब्याचा लाल अंशही नाही.

मी ते भिंगासकट इंगवल्यांना दिलं. त्यांनी बराच वेळ बघितलं, भिंग जवळ घेतलं, लांब घेतलं. "किरणं आहेत," ते शेवटी म्हणाले. मग उठून टोपी काढली आणि माझ्या हातातला अर्धा कागद घेऊन फाडला. "नवा लिहा. आता खरं आहे ना, मग सगळं खरंच लिहा."

मी लिहिलं. काय होणार आहे ते ठरून गेल्यावर पेन कुठे अडलं नाही. इंगवल्यांनी सुटकेच्या कागदावर सटवाजीचा अंगठा घेतला आणि नाणं त्याच्यापुढे धरलं. त्याने हात मागे घेतला.

"माझ्याकडं नगं. तिच्याकडं."

बानूच्या गळ्यात त्याने नाणं घातलं नाही, शिंदेकडून घालून घेतलं. मेलेल्या माणसाने घालायचं नसतं म्हणे. घोडा बाहेर, किरणं छातीकडे. मग तो बाकावर आडवा झाला, सरळ, हात छातीवर घेऊन, आणि डोळे मिटले. मला काही कळेना. मी पुढे झाले तर शिंदेने हाताने थांबवलं आणि हळूच सांगितलं की फुडल्याने पहिला भंडारा मयताच्या कपाळाला लावायचा असतो, त्याशिवाय देव त्याचा होत नाही.

बानू भंडाऱ्याच्या पिशवीत हात घालून उभी राहिली. मूठ बाहेर निघेना. "आबा, माझ्यानं नाही व्हायचं."

"व्हतंय," तो डोळे न उघडता म्हणाला. "म्या बी असाच हुबा व्हतो. माझा बाप तर खराच गेल्याला."

चौकीत चार शिपाई होते, ते आपापल्या जागी उभे राहिले. इंगवल्यांनी टोपी हातातच ठेवली होती. त्या मुलीने वाकून बापाच्या कपाळाला हळद लावली आणि तिथेच भिंतीला डोकं टेकून हुंदके देत राहिली. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही, मला ते जमत नाही. मी नुसती तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

सटवाजी उठून बसला. बंडी झटकली. "तुमचं नानं न्हाय सापडलं मंग," तो मला म्हणाला.

"नाही सापडलं."

"आता?"

"आता बघू," मी म्हटलं.

बघण्यासारखं फार नव्हतं. ते नाणं आजतागायत मिळालेलं नाही. चौकशी दीड वर्ष चालली, माझ्यावर काही शाबीत झालं नाही, आणि मला नाण्यांवरून काढून कोठारातल्या पाट्या रंगवायला बसवलं. निवृत्त होईपर्यंत मी पेटीची किल्ली पुन्हा हातात धरली नाही.

पण तो दिवस अजून संपला नव्हता. चौकीच्या बाहेर वडाखाली पन्नाससाठ माणसं सकाळपासून बसली होती, वाघे, त्यांच्या बायका, यात्रेहून आलेले. सटवाजी पायरीवर दिसला तशी ती उठली. एक म्हातारा धावत आला आणि भंडाऱ्यासाठी त्याच्यापुढे डोकं वाकवलं. सटवाजी बाजूला सरला. म्हाताऱ्याने वर पाहिलं, मग बानूच्या गळ्यात पाहिलं, लखलखणाऱ्या कडेकडे, आणि त्याला कळलं. एकेकाला कळत गेलं. गलका बसला. कुणीतरी बाई मयताच्या घरी रडतात तशी रडायला लागली, आणि तो तिच्यापुढे धडधाकट उभा.

बानूने डोळे पुसले. पिशवीतून मूठ भरून घेतली, वर उधळली, आणि फाटक्या आवाजात ओरडली, "येळकोट येळकोट."

"जय मल्हार," सगळे म्हणाले. सटवाजी नाही. तीस वर्षं ज्याने हे उत्तर दिलं होतं तो माणूस माझ्या शेजारी ओठ मिटून उभा होता. बानू पुन्हा ओरडली. माझ्या घरात देव्हारा नाही, मी उपास करत नाही, यात्रेला जात नाही. त्याच्या वाटचं उत्तर मी दिलं.